स्पेन ते अमेरिका शिडाच्या जहाजांचं टपाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे टपाल नेमकं कोणत्या काळातलं?

ढोबळ मानानं 1493 पासून 1861 पर्यंतचं. त्याचे तीन टप्पे पडतात. 1764 पर्यंत पत्रं व्यापारी ताफ्यांबरोबर आणि 'अविसो' नावाच्या हलक्या निरोपी जहाजांतून जायची. 1764 ते 1802 या काळात राजाची स्वतःची टपाल जहाजं होती. त्यानंतर आधी आरमार, मग खासगी कंपनी आणि शेवटी आगबोटी. जुनं पत्र हातात आलं की ते या तिन्हींपैकी कुठल्या टप्प्यातलं आहे हे आधी ठरवा. हशील, शिक्के, मार्ग सगळं त्यावर अवलंबून आहे.

अगदी सुरुवातीला पत्र जायचं कसं?

जो कोणी निघाला असेल त्याच्या हाती. कोलंबस पहिल्या सफरीवरून परतत असताना 14 फेब्रुवारी 1493 ला वादळात सापडला. आपण बुडालो तर बातमीही बुडेल, म्हणून त्यानं सगळा वृत्तांत चर्मपत्रावर लिहून मेणकापडात गुंडाळला, पिंपात घातला आणि समुद्रात सोडला. तसंच दुसरं पिंप जहाजाच्या मागच्या उंच भागावर ठेवलं, म्हणजे जहाज गेलं तरी ते तरंगेल. पहिलं पिंप कुणाला सापडलं नाही. जहाज तरलं आणि पत्र त्याच्याबरोबरच पोचलं. पण एका मजकुराच्या दोन प्रती दोन वाटांनी धाडायच्या, ही या टपालाची सगळ्यात मोठी युक्ती पहिल्याच सफरीत दिसते.

दुसरी महत्त्वाची सफर 1519 ची. एर्नान कोर्तेसनं मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून राजाकडे माणसं, नजराणा आणि पत्रं पाठवली. जहाजाचा वाटाड्या होता आंतोन दे आलामिनोस. फ्लोरिडालगतचा जोरदार प्रवाह त्यानं 1513 मध्ये अनुभवला होता, म्हणून परतीला त्यानं बहामा खाडीतून उत्तरेकडे वाट काढली. पुढची तीनेकशे वर्षं स्पेनला येणारं टपाल त्याच वाटेनं आलं.

'कोरेओ मायोर' हा अधिकारी होता की ठेकेदार?

'कोरेओ मायोर' म्हणजे टपालाचा प्रमुख. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर वतनदार. 1514 मध्ये राणी हुआनाच्या नावानं लोरेन्सो गालिंदेस दे कार्वाहाल या दरबारी सल्लागाराला 'इंडीज'च्या (म्हणजे स्पेनच्या अमेरिकेतल्या मुलखाच्या) टपालाचं हे पद वंशपरंपरेनं मिळालं. पेरूमध्ये ते त्याच्याच घराण्याकडे राहिलं आणि 1760 च्या दशकाच्या अखेरीस राजानं भरपाई देऊन काढून घेतलं, म्हणजे अडीचशे वर्षं एकाच घरात. मेक्सिकोत पद वेगळं होतं. तिथे व्हाइसरॉय मार्तिन एन्रिकेसनं 1580 च्या सुमारास मार्तिन दे ओलिव्हारेसला नेमलं.

ताफा वर्षातून एकदाच का निघायचा? रोज जहाजं नव्हती का?

दोन कारणं, वारा आणि चाचे. 1560 च्या दशकात नियम पक्के झाले की व्यापारी जहाजांनी एकट्यानं जायचं नाही, लढाऊ जहाजांच्या सोबतीनं ताफ्यातच जायचं. मेक्सिकोचा ताफा वसंतात निघून वेराक्रूझला जाणार, दक्षिण अमेरिकेचा ताफा ऑगस्टच्या सुमारास निघून कार्ताहेना आणि पोर्तोबेलोला जाणार. दोघांनी तिकडे थंडी काढायची, क्यूबातल्या हवानात एकत्र यायचं आणि वादळांचा मोसम सुरू व्हायच्या आत निघायचं.

जाताना जहाजं आधी कॅनरी बेटांपर्यंत दक्षिणेला उतरत. तिथे ईशान्येचे व्यापारी वारे शिडात भरले की महिनाभरात कॅरिबियन बेटं दिसत. परतीला हेच वारे तोंडावर येतात, म्हणून प्रवाहाबरोबर उत्तरेला चढून पश्चिमेचे वारे गाठायचे आणि अझोर्स बेटांवरून स्पेन. जायची वाट एक, यायची दुसरी. नकाशावर सरळ रेघ मारून पत्राचे दिवस मोजू नका, हमखास चुकतं.

नियम कागदावर नेटके दिसतात, प्रत्यक्षात ताफे रखडत. कधी माल भरला नाही, कधी पैसा जमला नाही, कधी युद्ध. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तर मधली वर्षंच्या वर्षं ताफा निघत नसे.

मग मधल्या काळात बातमी कशी जायची?

त्यासाठीच 'अविसो'. हे लहान, हलकं, वेगवान गलबत असायचं, साधारण 60 टनांच्या आतलं. त्यानं फक्त सरकारी लखोटे आणि पत्रं न्यायची. माल आणि प्रवासी यांना मनाई. ताफा कधी येतोय, चांदी तयार ठेवा, शत्रू कुठे दिसला, असले निरोप त्यातून जात. 1720 च्या नियमांत वर्षाला 8 अविसो ठरवले होते.

अडचण कुठे होती? खर्च सेव्हिलच्या (पुढे कादिझच्या) व्यापारी संघाच्या गळ्यात होता आणि संघाला वारंवार बातमी पोचणं नकोच होतं. अमेरिकेत मालाचा तुटवडा किती आहे हे मोजक्यांनाच कळलं तर भाव त्यांच्या हातात राहतो. त्यामुळे टाळाटाळ चालायची. शिवाय मनाई असूनही अविसोतून चोरून माल जायचा, आणि जड झालेलं हलकं गलबत कुणापासून पळणार?

एक पत्र पोचायला किती दिवस लागत?

ताफ्यांच्या काळात आंदालुसियाहून (सेव्हिल-कादिझचा दक्षिण स्पेन) वेराक्रूझला सरासरी अडीच महिने. परतीला हवानातला मुक्काम धरून चार महिन्यांच्या पुढे. हे फक्त पाण्यावरचे दिवस. खरा वेळ बंदरात वाट पाहण्यात जायचा. ताफा चुकला तर पुढच्या ताफ्यापर्यंत पत्र पडून.

लिमाला जाणारं पत्र पोर्तोबेलोला उतरायचं, पनामाची संयोगभूमी खेचरांवरून ओलांडायचं आणि पुन्हा प्रशांत महासागरात जहाजावर चढायचं. तिथल्या उलट वाऱ्यांत पनामाहून कायाव या लिमाच्या बंदराला पोचायलाच महिने लागत. फिलिपीन्सचं गणित याहून वाईट. वेराक्रूझ ते मेक्सिको शहर, तिथून आकापुल्को, मग वर्षातून एकदा निघणारं मनिलाचं गॅलियन, म्हणजे मोठं शिडाचं जहाज. जाताना तीनेक महिने, उलट येताना चार ते सहा. मनिलाहून माद्रिदला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दोन वर्षांत आलं तर ते लवकर आलं म्हणायचं.

1764 नंतर ला कोरुन्या (वायव्य स्पेनमधलं बंदर) ते हवाना साधारण दोन महिने आणि मोंटेव्हिडिओ सुमारे तीन. जहाजांचा वेग फारसा वाढला नव्हता, बंदरातली वाट पाहणं कमी झालं होतं. बहुतेक ठिकाणी या सुधारणेचं श्रेय वेगाला दिलेलं दिसतं. ते आम्हाला पटत नाही, खरं श्रेय वेळापत्रकाचं.

एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती का सापडतात? खोट्या असतात का?

खोट्या नाहीत. सरकारी पत्राची मूळ प्रत एका जहाजातून, 'दुप्लिकादो' दुसऱ्यातून आणि महत्त्वाचं असेल तर 'त्रिप्लिकादो' तिसऱ्यातून पाठवायची पद्धत होती. व्हाइसरॉय आपल्या पत्रांना क्रमांक घालत आणि सोबत यादी जोडत. माद्रिदला 41 नंतर थेट 43 आलं की 42 बुडालं किंवा मागे आहे, हे लगेच कळे. दुसऱ्या प्रतीत पुष्कळदा नवा मजकूर शेवटी जोडलेला असतो. तेव्हा दोन्ही प्रती वाचाव्यात, 'नक्कलच आहे' म्हणून बाजूला ठेवू नये.

व्यापारीही हेच करत. पैशाच्या चिठ्ठीच्या पहिली, दुसरी, तिसरी अशा प्रती निघत. एकीचे पैसे दिले की बाकीच्या रद्द. आपल्याकडे हुंडी हरवली तर पेठ, पेठ हरवली तर परपेठ, तशातलाच प्रकार.

गोव्याशी इथे खरा धागा जुळतो. लिस्बनहून गोव्याला येणारी राजपत्रंही 'पहिली वाट, दुसरी वाट' अशा खुणा करून वेगवेगळ्या जहाजांत घातली जात. 1580 ते 1640 या काळात स्पेनचा राजाच पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे हवाना आणि गोवा दोन्हीकडची पत्रं एकाच राजाची. पण वाटा वेगळ्या राहिल्या. गोव्याचं टपाल लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघून केप ऑफ गुड होपला वळसा घालून सप्टेंबर-ऑक्टोबरात मांडवीत शिरायचं.

1764 मध्ये असं काय झालं?

आधी 1762 पाहा. ब्रिटननं जानेवारीत स्पेनविरुद्ध युद्ध पुकारलं. ऑगस्टमध्ये हवाना पडलं, ऑक्टोबरमध्ये मनिला. मनिलावर चाल करून गेलेलं ब्रिटिश आरमार मद्रासहून निघालं होतं आणि ते खाडीत दिसलं तेव्हा युद्ध सुरू झाल्याची अधिकृत खबरही मनिलाला पोचली नव्हती. शत्रू आधी आला, टपाल नंतर. दरबाराला हा धडा झोंबला.

24 ऑगस्ट 1764 च्या हुकमानं, मंत्री ग्रिमाल्दीच्या पुढाकारानं, राजाचं सागरी टपाल सुरू झालं. दर महिन्याला एक जहाज ला कोरुन्याहून हवानाला. पहिलं नोव्हेंबर 1764 मध्ये निघालं. 1767 मध्ये मोंटेव्हिडिओ आणि ब्युनोस आयर्सची दुसरी वाट जोडली, आधी वर्षाला चार फेऱ्या, पुढे दर दोन महिन्यांनी एक. 1777 मध्ये सविस्तर नियमावली आली.

कादिझ सोडून ला कोरुन्या का?

बंदर थेट अटलांटिकवर उघडतं आणि कादिझच्या व्यापाऱ्यांची पकड तिथे नव्हती. खर्च भागवण्यासाठी टपाल जहाजांना अर्धा भार माल न्यायची मुभा दिली. जाताना स्पेनचा माल, येताना अमेरिकेचा. म्हणजे अमेरिकेच्या व्यापारात कादिझशिवाय दुसरं दार उघडलं आणि कादिझवाल्यांची ओरड सुरू झाली. तोटाही होताच. कप्तान मालाच्या मोहात जहाज वाजवीपेक्षा जड करत आणि निघायला उशीर लावत. अविसोचा जुना आजार नव्या जहाजांनाही जडला.

हवानाहून पुढे पत्रं कशी वाटली जात?

ला कोरुन्याचं जहाज वाटेत पोर्तो रिकोला थैली टाकून हवानाला पोचे. तिथे टपालाची घडी बसवायला होसे आंतोनियो दे आर्मोना याला पाठवलं होतं. हवानाहून मेक्सिकोची थैली लहान जहाजानं वेराक्रूझला. दक्षिणेची थैली क्यूबा खुश्कीनं ओलांडून त्रिनिदाद या दक्षिण किनाऱ्यावरच्या बंदरात आणि तिथून कार्ताहेनाला. (त्रिनिदाद बेटाशी घोळ करू नका.) पुढे बोगोता, कीटो, लिमा.

ब्युनोस आयर्सहून लिमापर्यंत खुश्कीची वाट नऊशेहून जास्त लेगांची (लेग हे अंतराचं जुनं माप) होती. तिच्यावरच्या टपालचौक्या तपासून लावायला 1771 मध्ये आलोन्सो कार्रियो दे ला वांदेरा टपाल जहाजानंच आला. घोडे किती, चौक्यांमधलं अंतर किती, खेचरं कुठे बदलायची, हे त्यानं जागोजागी पाहिलं. डोंगराळ पेरूमध्ये इंका काळापासूनचे 'चास्की' धावपटू स्पॅनिश टपालानंही वापरले.

हशील कोण भरायचं, आणि पत्रावरचे आकडे कसे वाचायचे?

बहुतेक वेळा पत्र घेणारा. आपल्याकडचं 'नॉटपेड' पत्र आठवा, फक्त तिथे तो दंड नव्हता, रीतच होती. आधीच पैसे भरलेले असतील तर 'फ्रांको' असा शिक्का किंवा लिखाण असतं.

वजन औंस आणि आदार्मेत. एका औंसाला 16 आदार्मे, आदार्मे म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. अर्ध्या औंसाच्या आतलं ते 'साधं' पत्र, त्यावर 'दुहेरी', मग चढता दर. साधं पत्र म्हणजे जवळपास एक घडी घातलेला कागद, म्हणून लोक समासापर्यंत आडवंउभं लिहीत.

पत्र पालथं करा आणि घड्यांमधून पाहा. लखोटा नसतो, कागदच दुमडून पत्ता बाहेर येतो. पत्त्याच्या डोक्यावर 'इंडियास' (इंडीज) किंवा 'इस्लास दे बार्लोव्हेंतो' (कॅरिबियन बेटं) असा शिक्का दिसला तर पत्र अमेरिकेहून स्पेनला आलंय. 'एस्पान्या' दिसला तर उलट दिशा. शिक्का कुठून आलं ते सांगतो, कारण त्यावर दर ठरे. मधोमध शाईचा जाड आकडा असतो, ते वसूल करायचं हशील. लोक त्याला हमखास पत्राचा क्रमांक समजतात. आकडा कोणत्या रेआलमध्ये (रेआल हे स्पॅनिश नाणं) आहे तेही पाहा. स्पेनमध्ये 'वेयोन' रेआल, अमेरिकेत चांदीचा 'फुएर्ते' रेआल. पेसो या मोठ्या चांदीच्या नाण्याला पहिले 20 आणि दुसरे 8, म्हणजे आकडा सारखा असला तरी रक्कम अडीचपट.

घेणारा सापडला नाही तर नावांची यादी टपालकचेरीत टांगत. पैसे परवडत नाहीत म्हणून पत्र पडून राहिल्याचे प्रकार कमी नव्हते.

जहाजावर थैली कशी सांभाळत?

सरकारी लखोटे मेणकापडात बांधून पेटीत, पेटीला कुलूप. खाऱ्या पाण्यापेक्षा दमटपणा जास्त छळायचा. शाई पसरायची, कागद चिकटायचे आणि उष्ण कटिबंधात लाख मऊ होऊन एका पत्राचा शिक्का दुसऱ्याला लागायचा.

शत्रूचं जहाज चढून यायला लागलं की कप्तानानं थैली समुद्रात फेकायची, असा हुकूम. थैलीला आधीच शिसं किंवा तोफगोळे बांधलेले असत, नाहीतर ती तरंगत राहते आणि शत्रू आकडी टाकून उचलतो. फेकायची वेळ ठरवणं मात्र अवघड. घाईत फेकली आणि नंतर वारा फिरून जहाज सुटलं, तर जाब कप्तानालाच.

पत्रं उघडून वाचली जात का?

कायद्यानं मनाई होती. 1592 मध्ये दुसऱ्या फिलिपनं वसाहतींतल्या अधिकाऱ्यांना पत्रं अडवू नका, उघडू नका असं बजावलं. कारण साधं होतं. स्थानिक अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार राजापर्यंत पोचायची तर ती त्याच अधिकाऱ्यानं वाचून चालणार नाही. मनाई पुन्हापुन्हा काढावी लागली, यावरून ती कितपत पाळली जात होती ते समजा. म्हणूनच लोक ओळखीच्या प्रवाशाच्या हाती पत्र देत. टपालाचा महसूल बुडतो म्हणून तोही गुन्हा ठरला, पण थांबला नाही.

शत्रूनं पकडलेल्या पत्रांचं काय झालं?

गंमत अशी की ती जास्त चांगली टिकली. ब्रिटिशांनी जहाज पकडलं की ते कायदेशीर लूट आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागे आणि जहाजावरचे कागद पुरावा म्हणून जमा होत. 1779 मध्ये कायावहून कादिझला निघालेलं 'ला पेर्ला' असंच पकडलं गेलं. लिमाच्या व्यापाऱ्यांची पत्रं कादिझऐवजी लंडनला पोचली आणि आजही तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

उशिरामुळे राज्यकारभार चालायचा तरी कसा?

थोडा ढिला सोडून. 'मान्य आहे, पण अमलात आणत नाही' असं उत्तर देण्याची कायदेशीर पद्धतच होती. हुकूम डोक्याला लावायचा, इथली परिस्थिती बदलली आहे असं कळवायचं आणि उत्तर येईपर्यंत जुनंच चालू ठेवायचं. उत्तराला वर्ष सहज लागे.

1810 मध्ये मात्र बातमीनंच राज्य हललं. नेपोलियनच्या फौजांपुढे स्पेनची मध्यवर्ती समिती जानेवारीअखेर मोडली. काराकासला ते एप्रिलच्या मध्यात कळलं आणि 19 एप्रिलला तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्याला हटवलं. ब्युनोस आयर्सला खबर मे महिन्यात पोचली, तीही ब्रिटिश जहाजातून, आणि 25 मेला व्हाइसरॉय गेला. दोन उठावांमधलं हे महिन्याभराचं अंतर मुख्यतः समुद्राचं आहे.

तारखा वाचताना कुठे फसायला होतं?

तीन ठिकाणी. महिन्यांची आखूड रूपं : '7bre' म्हणजे सप्टेंबर, '8bre' ऑक्टोबर, '9bre' नोव्हेंबर आणि 'Xbre' डिसेंबर. सातवा महिना समजून जुलै लिहू नका.

दुसरं, पंचांग. स्पेननं ऑक्टोबर 1582 मध्ये दहा दिवस गाळून ग्रेगोरियन पंचांग घेतलं. तो हुकूम समुद्र ओलांडेपर्यंत मेक्सिकोत 1583 उजाडलं आणि पेरूत त्याहून उशीर झाला. मधल्या काळातलं पत्र जुन्या तारखेचं असू शकतं.

तिसरं, मनिला. फिलिपीन्सकडे जहाजं अमेरिकेकडून जायची, म्हणून तिथली तारीख मकाव आणि गोव्यापेक्षा एक दिवस मागे होती. 31 डिसेंबर 1844 हा दिवस गाळून त्यांनी ती जुळवली.

पत्रावर चिरा आणि तपकिरी डाग आहेत. कुरतडलंय का?

चिरा सरळ आणि घडीच्या सगळ्या थरांतून आरपार असतील तर नाही. साथीच्या काळात, विशेषतः 1800 मध्ये कादिझला पीतज्वर पसरल्यानंतर, पत्रं पात्यानं चिरून व्हिनेगरमध्ये बुडवत किंवा धुरी देत. डाग त्याचे. असं पत्र धुवायला जाऊ नका, डाग हा त्याच्या प्रवासाचा पुरावा आहे. किड्यांची भोकं वेडीवाकडी आणि गोलसर असतात.

हे टपाल संपलं कधी?

1802 मध्ये टपाल जहाजं आरमाराकडे गेली. पाठोपाठ युद्धं आणि मुख्य भूमीवरच्या वसाहतींचं स्वातंत्र्य आलं. क्यूबा आणि पोर्तो रिको उरले. 1827 पासून त्यांचं टपाल एका खासगी कंपनीच्या जहाजांनी चाललं आणि 1861 मध्ये आंतोनियो लोपेसच्या आगबोटींना ठेका मिळाला. तिकिटं स्पेनमध्ये 1850 ला आणि क्यूबा-पोर्तो रिकोत 1855 ला आली. त्याआधीच्या पत्रावर कुणी तिकीट दाखवून विकत असेल तर हात आखडता घ्या.

मूळ कागद कुठे पाहायला मिळतील?

सेव्हिलच्या 'आर्चिवो हेनेराल दे इंडियास'मध्ये, स्थापना 1785. तिथले पुष्कळ कागद 'पारेस' या स्पॅनिश सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या फुकट पाहता येतात. टपालाचे कागद 'कोरेओस' विभागात शोधा, पण तिथेच थांबू नका. अमेरिकेला गेलेल्या साध्या माणसांची घरगुती पत्रं 'कोंत्रातासियोन' आणि 'इंदिफेरेंते' या विभागांत निघतात, कारण बायकोला किंवा भाच्याला तिकडे जायचा परवाना हवा असेल तर 'ये, मी सांभाळतो' असं बोलावणारं पत्र पुरावा म्हणून जोडावं लागे. शोधताना नावाची आजची आणि जुनी अशी दोन्ही स्पेलिंगं टाका.

पणजीच्या पुराभिलेखागारात लिस्बन-गोवा पत्रव्यवहाराचे 'मोसमांच्या वह्या' या अर्थाच्या नावाचे खंड आहेत. ते पोर्तुगीजमध्ये आहेत आणि वेगळ्या समुद्राचे आहेत, पण प्रतींची पद्धत ताडून पाहायला आपल्याला तेच सगळ्यात जवळचे.